मागे राहिलेला आवाज : कॉइलचा ‘द एप ऑफ नेपल्स’

बीबीसीची ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ नावाची एक विनोदी मालिका होती, १९७२ ते १९८५ या काळातली. ग्रेस ब्रदर्स नावाचं एक काल्पनिक डिपार्टमेंटल स्टोअर, तिथले सेल्समन आणि सेल्सगर्ल, आणि त्यांचे द्वयर्थी विनोद. तिचं शीर्षकगीत रॉनी हेझलहर्स्टने केलं होतं. गल्ल्याच्या यंत्राचा खणखणाट तालासारखा वापरलाय, आणि त्यावर लिफ्टमधली एक बाई कोणत्या मजल्यावर काय मिळेल ते वाचून दाखवते. तळमजल्यावर अत्तरं, स्टेशनरी, चामड्याच्या वस्तू, केसांचे टोप, भांडीकुंडी. मग ‘गोइंग अप’. पहिल्या मजल्यावर टेलिफोन, पुरुषांचे तयार सूट, शर्ट, मोजे, टाय. पुन्हा ‘गोइंग अप’.

कॉइल या इंग्लिश बँडच्या ‘द एप ऑफ नेपल्स’ या शेवटच्या स्टुडिओ अल्बमचं शेवटचं गाणं हेच आहे. वीसेक वर्षं मृत्यू, जादूटोणा, समलिंगी प्रेम आणि नशा यांवरच गाणी करणाऱ्या माणसांनी निरोपाला हे निवडलं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला ही थट्टा वाटली. थट्टा आहेच, आणि तरीही ते गाणं ऐकताना हसू येत नाही. हे कसं जमवलं, हाच या परीक्षणाचा विषय समजा. बाकी दहा गाण्यांबद्दलही लिहिणार आहे, पण माझा जीव या अकराव्यात आहे.

मी साउंड एडिटर आहे. मुंबईत काम करते, बहुतेक मराठी मालिकांचं, मधूनच एखादा सिनेमा. दिवसभर हेडफोन कानावर आणि समोर माणसांच्या आवाजाच्या पट्ट्या. त्यामुळे संगीत ऐकताना मला चाल नंतर कळते. आधी कळतं की गाणारा माइकपासून किती लांब उभा आहे, खोली केवढी आहे, आणि टेक, म्हणजे एका वेळी रेकॉर्ड केलेला तुकडा, कुठे जोडलाय. ही सवय काही फार चांगली नाही, लग्नातल्या सनईवाल्याचाही आनंद घेता येत नाही. पण ‘द एप ऑफ नेपल्स’ हा अल्बम असाच ऐकायला हवा असं माझं मत आहे. कारण तो एका एडिटरने, आपल्या मेलेल्या जोडीदाराच्या आवाजाच्या तुकड्यांतून उभा केलाय.

ज्यांना कॉइल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘सेव्हन’ हा १९९५ चा सिनेमा बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याची सुरुवातीची श्रेयनामावली आठवा: बोटांची कातडी ब्लेडने तासणारे हात, वहीत चिकटवलेले फोटो, आणि मागे खरवडल्यासारखं वाजणारं काहीतरी. ते नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडच्या ‘क्लोजर’चं रिमिक्स आहे, आणि ते कॉइलने केलंय. म्हणजे तुमच्या कानात हे लोक आधीच शिरलेले आहेत, नाव तेवढं ठाऊक नव्हतं.

कॉइल म्हणजे मुख्यत: दोन माणसं. जॉन बॅलन्स गायचा आणि शब्द लिहायचा. पीटर क्रिस्टोफरसन, ज्याला सगळे ‘स्लीझी’ म्हणायचे, तो आवाजांचा माणूस. क्रिस्टोफरसन वयाने सात वर्षांनी मोठा आणि अनुभवाने फारच. हिप्नोसिस या प्रसिद्ध डिझाइन कंपनीत तो होता. पिंक फ्लॉइडची कव्हरं करणारी तीच. आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या थ्रॉबिंग ग्रिसल या चौघांच्या गटातला तो एक होता. या गटाने पुढच्या वर्षी इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स नावाची स्वत:ची कंपनी काढली आणि त्या नावावरून एका अख्ख्या संगीतप्रकाराचं बारसं झालं. त्या गटात क्रिस्टोफरसनकडे कॅसेट प्लेअर जोडलेला एक कीबोर्ड होता. पट्टी दाबली की एक कॅसेट सुरू. रस्त्यावरचं बोलणं, रेडिओ, काहीही. सॅम्पलर दुकानात मिळायला लागण्याआधीची गोष्ट आहे ही. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्या कीबोर्डबद्दल ऐकूनच हात जोडावेसे वाटतात.

१९८४ मध्ये दोघे सायकिक टीव्ही नावाच्या बँडमधून बाहेर पडले आणि कॉइल हेच त्यांचं मुख्य काम झालं. नवरा-नवरा म्हणा, जोडीदार म्हणा, ते वर्षानुवर्षं एकत्र होते. १९८५ मध्ये त्यांनी ‘टेन्टेड लव्ह’ हे जुनं गाणं तिरडीच्या वेगाने गायलं आणि त्याची कमाई एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिली. त्या काळात एड्ससाठी असं फारसं कुणी करत नव्हतं. पुढच्या वर्षीच्या ‘हॉर्स रोटोव्हेटर’वर मित्रांच्या मरणांची सावली आहे. १९९१ चा ‘लव्ह्ज सीक्रेट डोमेन’ नाचायच्या क्लबांतून आलेला, १९९९ पासूनचे ‘म्युझिक टू प्ले इन द डार्क’ दिवे मालवून ऐकायचे. एकदा केलेलं पुन्हा करायचं नाही, हा त्यांचा बाणा होता.

नव्वदच्या दशकात ट्रेंट रेझनरने, म्हणजे नाइन इंच नेल्सवाल्याने, त्यांना न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्या नथिंग स्टुडिओत बोलावलं. तिथे ‘बॅकवर्ड्स’ नावाच्या अल्बमसाठी बरंच काम झालं आणि ते पडून राहिलं. दरम्यान बॅलन्सचं दारूचं व्यसन वाढत गेलं. तो सोडायचा, पुन्हा लागायचा. दोघांचं जोडपं म्हणून नातं संपलं, काम चालू राहिलं. १३ नोव्हेंबर २००४ ला वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावातल्या राहत्या घरात बॅलन्स दारूच्या नशेत वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली पडला आणि गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

आता मागे राहिलेल्या क्रिस्टोफरसनच्या टेबलावर काय असेल ते मला डोळ्यांसमोर आणता येतं. न्यू ऑर्लिन्सच्या महागड्या माइकवर, जवळून, नीट घेतलेले टेक. त्याच्याशेजारी स्टेजवरच्या हातातल्या माइकवर ओरडलेली गाणी. काही नीट गायलेलं, काही अर्धवट. आणि यांपैकी काहीही पुन्हा गाऊन घ्यायची सोय नाही.

माझ्याकडे असा प्रसंग एकदा आला होता. एका मालिकेत आजोबांचं काम करणारे ज्येष्ठ नट अचानक गेले. कथेत आजोबांना आणखी दोन दृश्यं ‘फोनवर’ जिवंत ठेवायचं ठरलं आणि मला सांगण्यात आलं की जुन्या भागांतून काय ते काढ. “बाळा, जेवलास का रे?” एवढं वाक्य हवं होतं. ‘बाळा’ मिळाला अंगणातल्या दृश्यात, मागे कावळे. ‘जेवलास’ मिळालंच नाही. ‘जेवला’ मिळालं, ‘स’ दुसऱ्याच एका ‘बस’मधून आणला. ‘का रे’ त्यांनी एका भांडणात म्हटलेलं, म्हणून त्याची पट्टी खाली उतरवली. फोनचा फिल्टर लावला की सगळं खपून जातं, खपलंही. प्रेक्षकांपैकी कुणाला कळलं नाही. पण त्या वाक्यात श्वास नव्हता. आपण बोलायच्या आधी जो बारीकसा श्वास घेतो तो कुठून आणणार? शेवटी त्यांच्याच एका खोकल्याच्या आधीचा श्वास उचलून लावला. दिग्दर्शक म्हणाला, “आता बरोबर वाटतंय, काय केलंस ग?” मी सांगितलं नाही.

हे सांगण्याचं कारण, आमच्या धंद्यात जोड लपवणं हीच कामाची पावती असते. क्रिस्टोफरसनने या अल्बमवर जोड लपवलेले नाहीत. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना बॅलन्स एकदम वेगळ्या खोलीत उभा राहतो, त्याचं वय बदलतं, घसा बदलतो. त्याला एकसारखं करायला तेव्हाच्याही सॉफ्टवेअरमध्ये भरपूर सोयी होत्या. ते न करता त्याने प्रत्येक आवाजाच्या भोवती त्याला साजेसं वाद्यांचं घर बांधलं. आवाजाला धुऊनपुसून वाद्यांच्या मापात बसवलेलं नाही. मला तरी या अल्बमचं थोरपण इथे दिसतं.

पहिलंच गाणं घ्या. ‘फायर ऑफ द माइंड’ ‘बॅकवर्ड्स’च्या काळातलं आहे. ऑर्गनसारखा भरलेला, जवळजवळ न हलणारा सूर, आणि बॅलन्स पहिल्याच ओळीत विचारतो की मरण एकटंच येतं, की मागून कुमक घेऊन येतं. हे त्याने मरायच्या कितीतरी वर्षं आधी लिहिलंय. दुसरा कुणी एडिटर असता तर या ओळीवर काय काय केलं असतं! तंतुवाद्यं फुगवली असती, आवाजाला गुहेतला घुमारा दिला असता, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं की बघा, बघा, हा गेला आणि त्याला आधीच माहीत होतं. इथे तसलं काही नाही. बॅलन्सचा आवाज शांत, कोरडा, कानाजवळ. प्रश्न विचारून तो पुढच्या ओळीवर जातो. रेकॉर्डिंगच्या वेळी तो जिवंत होता आणि त्याला बरंच काही विचारायचं होतं, इतकंच ऐकू येतं.

दुसरं ‘द लास्ट ॲमेथिस्ट डिसीव्हर’. ॲमेथिस्ट डिसीव्हर ही जांभळ्या रंगाची एक रानअळंबी असते. हे गाणं कॉइलने १९९८ मध्ये पहिल्यांदा काढलं आणि मग वर्षानुवर्षं स्टेजवर बदलत बदलत वाजवलं. इथे ते लांब, रुंद आणि जड झालंय. गिधाडांना मान द्या, तीच तुमचं भविष्य, असं त्यात येतं. (मुंबईत बसून हे ऐकताना गंमत वाटते. पारशी आपले मृत गिधाडांसाठी ठेवतात त्या आमच्या मलबार हिलवर माणसं आहेत, गिधाडंच उरली नाहीत.) या गाण्यात क्लिफ स्टेपलटनची हर्डी-गर्डी आणि माइक यॉर्कचे पाइप्स यांकडे लक्ष द्या. हर्डी-गर्डी म्हणजे हँडलने फिरणारं चाक तारांवर घासणारं जुनं युरोपी वाद्य. त्याच्या काही तारा एकाच सुरावर अखंड वाजत राहतात, आपल्या तंबोऱ्यासारख्या, पण तंबोऱ्यात जो गोडवा आहे त्याच्या जागी इथे किरकिर आहे, गंजलेल्या बिजागरीची. ज्यांना वाटतं की इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे सगळं कॉम्प्युटरमधून, त्यांनी हे गाणं ऐकावं. शेकडो वर्षांपूर्वीचं वाद्य आणि सिंथेसायझर एकमेकांत असे मिसळलेत की तासभर हेडफोन लावूनही मला काही ठिकाणी कोणतं कुठलं ते वेगळं काढता येत नाही, आणि माझं पोटच त्यावर आहे.

‘टॅटूड मॅन’ हे या अल्बमवरचं सगळ्यात जुन्या धाटणीचं गाणं. खलाशांच्या गुत्त्यात वाजावं असं, हेलकावे खात जाणारं. माझ्या अंगावर आहेत तेच टॅटू असलेला एक माणूस कुठेतरी कबरीत पडलाय आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे, असं बॅलन्स गातो. यात त्याचा आवाज थोडा सुटलेला आहे, सूर नेमका लागत नाही. एखाद्या रिअॅलिटी शोच्या परीक्षकाने लगेच बोट ठेवलं असतं. पट्टी सुधारणारं सॉफ्टवेअर लावलं तर दोन मिनिटांचं काम. तो न लागलेला सूर तसाच ठेवल्याबद्दल मी क्रिस्टोफरसनची आयुष्यभराची ऋणी आहे.

‘ट्रिपल सन’ ठीक. एकच स्वरावली फिरत राहते आणि तिच्यावर थर चढत जातात. स्टेजवर ते उत्तम चालत असणार. इथे ते मोठ्या दोन गाण्यांना जोडणाऱ्या पुलासारखं आहे, याहून जास्त मला त्याबद्दल म्हणायचं नाही.

मग ‘इट्स इन माय ब्लड’. यासाठी आवाज आधीच थोडा कमी करून ठेवा, विशेषत: सोसायटीत पातळ भिंती असतील तर. हेही न्यू ऑर्लिन्सच्या साठ्यातलं, पूर्वी ‘एवायओआर’ या नावाने फिरणारं. बॅलन्स इथे गात नाही, किंचाळतो. ठोके लोखंडी, आवाजाच्या कडा करवतीने कापलेल्या. मरून गेलेल्या गायकाच्या स्मृतीसाठी केलेल्या अल्बममध्ये हे ठेवायला धाडस लागतं. आपल्याकडे माणूस गेला की चौदाव्या दिवसापर्यंत तो देवमाणूस होतो. बोलायला उभा राहणारा प्रत्येकजण त्याच्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल बोलतो आणि ज्यांनी त्याचा राग सोसला ते मागच्या खुर्च्यांवर गप्प बसतात. क्रिस्टोफरसनने मागच्या खुर्चीवरच्या माणसाला माइक दिलाय. बॅलन्स असाही होता, आणि हा बॅलन्सही त्याने तितक्याच काळजीने मिक्स केलाय.

आता तक्रारी. अल्बमचा मधला भाग सैल आहे. ‘आय डोन्ट गेट इट’ नावाला जागतं, मलाही ते कळत नाही. तुटक आवाज, अडखळणारे तुकडे, कुठे निघालोय याचा पत्ता नाही. असले प्रयोग कॉइलने याआधी जास्त चांगले केलेत. ‘हेवन्स ब्लेड’मध्ये नव्वदच्या दशकातले ठोके ओळखू येतात आणि त्या दशकातल्या ठोक्यांचं जे होतं ते इथेही झालंय, थोडे शिळे वाटतात. ‘टीनेज लायटनिंग २००५’ हे ‘लव्ह्ज सीक्रेट डोमेन’वरच्या गाण्याचं नवं रूप. मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यामुळे ते लाकडी आणि उबदार झालंय, ऐकायला छानच. पण मूळ गाण्यातला तो खट्याळपणा गेला, आणि मला खट्याळपणा जास्त प्रिय. ‘कोल्ड सेल’ मात्र या भागातलं लपलेलं सोनं. त्याचा आवाज मुद्दाम वाढवू नका. त्याच्या हळू असण्यातच सगळं आहे.

दहावं ‘अंबर रेन’. यात शब्दांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा सोडली आहे. आमच्याकडे अशी जागा दिसली की चॅनेलवरून फोन येतो, “तिथे म्युझिक भरा, प्रेक्षक चॅनेल बदलेल.” इथे ती जागा भरलेली नाही. आणि त्यात तुम्हाला तो श्वास ऐकू येतो ज्यासाठी मी एका खोकल्यामागे फिरले होते. हेडफोनवर नीट ऐका, ओळीच्या आधी आहे.

आणि मग लिफ्ट.

‘गोइंग अप’ त्या विनोदी मालिकेच्या गीतावर बेतलंय. त्यातला गल्ल्याचा खणखणाट गेला. चाल इतकी संथ केलीय की ती चर्चमधल्या प्रार्थनेसारखी वाटायला लागते. मजल्यांची आणि मालाची यादी फ्रँस्वा टेस्टरी गातो. त्याचा आवाज काउंटर-टेनर, म्हणजे पुरुषाचाच, पण बाईच्या पट्टीत चढणारा. भांडीकुंडी, टेलिफोन, सूट, शर्ट, मोजे, सगळं तो जराही न हसता, एखाद्या पवित्र ग्रंथातलं वाचावं तसं गातो. माणसाने आयुष्यभर जमवलेल्या वस्तू मजल्यामजल्यावर ठेवून लिफ्ट वर चालली आहे, हे कळायला गाण्याने एक शब्दही जास्तीचा वापरलेला नाही. मालिकेतले शब्द जसेच्या तसे पुरले.

टेस्टरीच्या त्या स्वच्छ, तासलेल्या आवाजाखाली बॅलन्सचा आवाज येतो. हा आवाज २३ ऑक्टोबर २००४ चा, डब्लिनमधल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या महोत्सवातला. कॉइलचा तो शेवटचा कार्यक्रम ठरला. त्यानंतर तीन आठवड्यांनी बॅलन्स गेला. आता एडिटर म्हणून बघा. एकीकडे प्रशिक्षित गळा. दुसरीकडे स्टेजवरचा, थकलेला, जवळजवळ बोलणारा माणूस. हे दोन आवाज एकत्र बसत नाहीत, बसणारच नाहीत. शहाण्या माणसाने एकाला मागे ढकललं असतं, बहुधा बॅलन्सलाच, कारण त्याची रेकॉर्डिंगची गुणवत्ता कमी. क्रिस्टोफरसनने दोघांना दोन वेगळ्या उंचीवर ठेवलं. एक वर निघालेला, दुसरा अजून खालीच उभा. तुम्ही लिफ्टच्या जाळीच्या दारातून दोघांकडे बघताय असं वाटतं. आणि बॅलन्स शेवटी जे म्हणतो ते इतकं साधं आहे की मी इथे लिहिलं तर काहीच वाटणार नाही. एवढंच सांगते, ‘हे असंच आहे’ अशा अर्थाचे तीन छोटे शब्द आहेत.

ही निवड बॅलन्स जिवंत असतानाच झालेली होती हे लक्षात ठेवायला हवं. शोकगीत करू या म्हणून कुणी हे शोधून काढलेलं नाही. दोघांनी मिळून स्टेजवर केलेली ती एक खोडी होती. क्रिस्टोफरसनने तिची जागा तेवढी बदलली, शेवटी नेऊन ठेवली. एडिटिंगमध्ये सगळ्यात मोठी कामं अशीच होतात, एक तुकडा उचलून दुसरीकडे ठेवल्याने.

कॉइलमधले थायपॉलसँड्रा आणि ऑशियन ब्राउन, आणि जुना सहकारी डॅनी हाइड यांचीही मेहनत यात आहे. पण हा अल्बम मी क्रिस्टोफरसनचा म्हणते. बॅलन्स गेल्यानंतर तो बँकॉकला राहायला गेला, थ्रॉबिंग ग्रिसलच्या पुनर्भेटीत वाजवलं, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये बँकॉकलाच झोपेत गेला. मुखपृष्ठावरचं काम इयन जॉनस्टनचं, म्हणजे बॅलन्सच्या नंतरच्या जोडीदाराचं. आधीच्या आणि नंतरच्या जोडीदाराने मिळून गेलेल्या माणसाचं काम पुरं केलं, हे आपल्याकडच्या वारसाहक्काच्या भांडणांत बसलेल्या मंडळींना वाचून दाखवावंसं वाटतं.

कुठलं ऐकायचं आणि कशावर ऐकायचं, ते आता. लॅपटॉपच्या स्पीकरवर हा अल्बम लावू नका. खालचे सूर त्यात येतच नाहीत आणि ‘फायर ऑफ द माइंड’ नुसतं पोकळ कण्हणं वाटेल. मोबाइलचे फुकट आलेले इअरफोनही नकोत. साधे पण कान पूर्ण झाकणारे हेडफोन असतील तर पुरे, फार पैसे घालायची गरज नाही. आमच्या स्टुडिओच्या मोठ्या मॉनिटर स्पीकरवरही मी सुट्टीच्या दिवशी लावून बघितला. मोठा झाला, पण जवळचा राहिला नाही. हा हेडफोनचा अल्बम आहे.

माझ्याकडे सीडी आहे, परदेशात राहणाऱ्या मावसभावाकडून मागवलेली. येताना त्याने विचारलं होतं, “ताई, हे माकड कसलं?” त्यावर उत्तर नाही माझ्याकडे. २००८ मध्ये विनाइल आवृत्ती निघाली, तिच्यासोबत ‘द न्यू बॅकवर्ड्स’ आला. न्यू ऑर्लिन्सच्या उरलेल्या मालावर क्रिस्टोफरसनने पुन्हा केलेलं ते काम. त्यामुळे शेवटचा अल्बम कोणता यावर चाहत्यांत वाद होतो. तो ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. माझ्या लेखी ‘द न्यू बॅकवर्ड्स’ ही चांगली जोडपुरवणी आहे, ऐकायलाही मजेदार, पण तीत निरोप नाही. २०१५ मध्ये तर मूळ ‘बॅकवर्ड्स’ही निघाला.

तो मूळ अल्बम मात्र एका कारणासाठी मिळवाच. त्यावरचं ‘हेवन्स ब्लेड’ आणि इथलं ‘हेवन्स ब्लेड’ लागोपाठ लावा. आपल्याकडे साउंड शिकवणाऱ्या संस्थांत मुलांना कंप्रेसर, म्हणजे आवाजाचे चढउतार आवरणारं साधन, कसा लावायचा हे महिनाभर शिकवतात. त्यातली एक दुपार यासाठी काढावी. गायक तोच, गाणं तेच, आणि आजूबाजूला काय ठेवायचं हे ठरवणारा माणूसही तोच. फरक फक्त मधल्या काळात काय घडलं याचा. कोणती वाद्यं राहिली, कोणती गेली, आवाज किती पुढे आला, हे मुलांना कागदावर लिहायला सांगावं.

कॉइल पहिल्यांदाच ऐकणार असाल तर इथून सुरुवात करू नका. आधी ‘हॉर्स रोटोव्हेटर’, मग ‘म्युझिक टू प्ले इन द डार्क’चा पहिला भाग. बॅलन्सचा आवाज ओळखीचा झाला की मग हा घ्या. आणि ‘गोइंग अप’ यूट्यूबवर सुटं ऐकून ‘हे काय दुकानातली यादी गातायत’ असं मला कळवू नका. आधीची दहा गाणी ऐकून, मगच कळवा.